बुलोनच्या शिल्पशाळेत

फ्रेंच शिल्पकार पॉल लँडोव्स्की पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियांकूरमध्ये राहत आणि तिथेच काम करत. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांतला त्यांचा हा एक दिवस, त्या काळच्या शिल्पशाळांच्या रीतीवरून जुळवलेला.

सकाळी सात. मातीवरची ओली फडकी काढायची आणि हात फिरवून ओल बघायची. माती सुकली, तर आतल्या लोखंडी सांगाड्यावरून तिचे ढपले सुटतात.

आठ ते बारा मॉडेल उभा असतो. उजेड उत्तरेकडचा, म्हणजे ऊन थेट येत नाही आणि सावल्या भराभर सरकत नाहीत. मार्नच्या दुसऱ्या लढाईचं स्मारक, ‘ले फांतोम’ म्हणजे ‘भुतं’, घडतंय. नवखा रंगरूट, खंदक खणणारा, मशीनगनवाला, हातबॉम्ब फेकणारा, वसाहतींच्या फौजेतला, पायदळातला आणि वैमानिक असे सात सैनिक. त्यांच्यामध्ये कफनातून उठणारा विवस्त्र तरुण. सगळ्यांचे डोळे मिटलेले. या पापण्यांसाठीच मला लँडोव्स्की फार मोठे वाटतात. लढाई फ्रान्सने जिंकली होती. उगारलेली तलवार कुणालाही खटकली नसती. पण ते स्वतः त्या युद्धात होते. त्यांनी मेलेल्यांना पुन्हा लढायला लावलं नाही, फक्त उभं केलं.

दोन वाजता साचेकाम. मातीवर प्लास्टरचा साचा चढतो, मग आतली माती खरवडून काढतात. इतक्या दिवसांची मूर्ती परत मातीच्या पिंपात जाते. साच्यातून निघालेल्या प्लास्टरवर खुणा करून, परकार आणि ओळंबा लावून मापं वाढवायची. शेवटी हे सैनिक ग्रॅनाइटमध्ये आठ मीटर उंच होणार. ग्रॅनाइट नाजूक बारकावे सहज घेत नाही, म्हणून ओव्हरकोटाच्या घड्या इथेच रुंद आणि सपाट करून टाकायच्या. काय गाळायचं, हे ठरवण्यातच दुपार जाते.

संध्याकाळ इतर कामांची. रिओमधल्या येशूच्या भव्य पुतळ्याचं डोकं आणि हात याच शिल्पशाळेत पूर्ण आकारात घडले आणि तुकड्यातुकड्यांनी ब्राझीलला गेले.

रात्री रोजनिशी. 1902 पासूनची ही सवय त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडली नाही.

‘ले फांतोम’चं अनावरण 21 जुलै 1935 रोजी शाल्मोंच्या टेकडीवर राष्ट्राध्यक्ष आल्बेर लेब्रँ यांच्या हस्ते झालं. लढाईला सतरा वर्षं झाली होती. तो नवखा रंगरूट जगला असता, तर पस्तिशीला आला असता.