मैदानाच्या मधली भिंत

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपट पाहावेत की पाहू नयेत, याविषयी प्रत्येक घराचे आपापले मत असते. त्या वादात आम्ही पडत नाही. पण या चित्रपटात जो प्रश्न आहे तो चित्रपट न पाहणाऱ्या घरालाही टाळता येण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

गोष्ट नागपूरची आहे. एका बाजूला महाविद्यालयाचे मैदान, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी आणि मधे भिंत. भिंतीपलीकडची मुले चोऱ्या करतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. विजय बोराडे नावाचे क्रीडाशिक्षक त्यांच्यासमोर फुटबॉल ठेवतात. आधी पैसे देऊन खेळवतात, मग पैसे बंद करतात; मुले तरीही खेळायला येतात. जग ज्यांना झुंड म्हणते, त्यांचा पुढे संघ होतो.

हे सारे कल्पनेतले नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात काही मुले तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून ‘स्लम सॉकर’चे काम उभे राहिले. बेघरांसाठी २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जागतिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली होती. तीच स्पर्धा २०१० साली ब्राझीलमधील रिओ येथे भरली, तेव्हा भारताचा कर्णधार होता अखिलेश पॉल, नागपूरच्याच वस्तीतला, गुन्हेगारीच्या वाटेवरून मागे फिरलेला तरुण.

अमेरिकेत माणसाचा रंग पाहिला जातो. मुहम्मद अली यांनी १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पण ज्या देशासाठी जिंकले त्याच देशात काळ्या माणसाला अनेक हॉटेलांत बसायला मिळत नव्हते. आपल्याकडे रंगाआधी आडनाव आणि वस्ती विचारतात. पळवणकर बाळू हे आपल्या देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजाचे. पुण्यात सुरुवातीच्या काळात त्यांचे सहकारी मैदानावर त्यांच्याच हातातून चेंडू घेत आणि चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता! संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही; ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

हे वाचून आपण चटकन म्हणतो, ‘आपल्यात हे नाही. आपण सारे एका सफेत उभे राहतो.’ सफेत उभे राहतो, हे खरे. पण सलाम फेरल्यानंतर काय होते?

आपल्या मुलांना टोमण्याचा घाव ठाऊक आहे. क्रिकेटचा सामना असला की वर्गात कोणीतरी विचारतोच, ‘तू कोणाच्या बाजूने?’ मूल घरी येऊन गप्प बसते. आई विचारते, ‘बेटा, क्या हुआ?’ ते सांगत नाही. हा घाव आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण त्याच मुलाच्या तोंडून मधल्या सुट्टीत ‘चल हट, भिलाटीतला’ हे शब्दही आम्ही ऐकतो. साक्री तालुक्यात भिल्ल आणि कोकणा समाजाची वस्ती मोठी. धावण्यात, उड्यांत त्यांची मुले पुढे. मुलाने हा शब्द शाळेत शिकलेला नसतो. तो ओट्यावर मोठ्यांच्या गप्पांत ऐकलेला असतो. आणि आपसात तरी काय? पिंजारी, खाटीक, फकीर ही कामांची आणि बिरादऱ्यांची नावे. रागात ती शिवीसारखी वापरली जातात. जळगावकडचे तडवी आपलेच दीनी भाऊ. पण रिश्त्याची बात निघाली की कितीतरी घरांत खाली आवाजात ‘वो तो तडवी है’ असे म्हटले जाते.

हजरत अबू जर (रजि.) यांची हकिकत सहीह बुखारीत आहे. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. ती आई अरब नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना स्पष्ट सुनावले की, तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे; तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत; आपण जे खातो ते त्यांना खाऊ घाला, आपण जे नेसतो ते त्यांना नेसवा. पुढे लोकांनी पाहिले, अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या सेवकाच्या अंगावर होते. लोकांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी हीच हकिकत सांगितली.

ध्यानात घ्या, ते सामान्य माणूस नव्हते, मोठे सहाबी होते. अशा माणसालाही एका टोमण्यावरून टोकले गेले. आणि त्यांचा पश्चात्ताप तोंडी माफीवर थांबला नाही, तो अंगावरच्या कपड्यात दिसला.

आपल्याकडूनही असे काही दिसायला हवे. ‘झुंड’मध्ये एका आदिवासी मुलीला परदेशी खेळायला जायचे असते, पण ती कोण आहे हे सिद्ध करणारा कागद तिच्या बापाजवळ नसतो. आपल्या तालुक्यातही अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मुलांची शाळा तुटते, कागद राहून जातात. आपल्या मोहल्ल्यात अर्ज लिहू शकणारी, सेतू केंद्रावर सोबत जाऊ शकणारी पोरे आहेत. एका मुलाचा जन्मदाखला आणि जातीचा दाखला मिळवून देणे ही लहान खिदमत नाही. मोहल्ल्याचा संघ काढताना भिलाटीतल्या दोन मुलांना बोलवा. त्यांनाही तोच टी-शर्ट द्या. ईदला शीरखुर्म्यासाठी घरी बोलवा, आणि वाटी आपल्या मुलाच्या हातात असेल तीच त्यांच्या हातात द्या. आणि आपल्या मुलीला धावायचे असेल तर तिलाही अडवू नका, हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर प्रेषितांनी (स.) धावण्याची शर्यत लावली होती.

साक्रीवरून जाणारा सुरतचा महामार्ग धुळ्याहून पुढे थेट नागपूरला पोहोचतो. पण भिंत पाडण्यासाठी इतक्या लांब जायला नको. आज रात्री दस्तरखानावर मुलांना एवढेच विचारा, ‘तुमच्या वर्गात कोणाला काय म्हणून चिडवतात?’ आणि तो शब्द आपल्या घरातून गेलेला असेल, तर त्याच दस्तरखानावर तो बंद करा.