विश्लेषण : डोक्यावरची चाई रेकीनं बरी होते का? केस नेमके का जातात, का परत येतात?

सलूनच्या खुर्चीत बसलेलो असताना कारागीर हळूच म्हणतो, ‘मागे गोल चट्टा दिसतोय, चाई पडलीय वाटतं.’ घरी येऊन मोबाइलनं फोटो काढून पाहावं, तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा एकदम गुळगुळीत. मग सल्ले सुरू होतात. कुणी कांद्याचा रस चोळायला सांगतं, कुणी लसूण. अलीकडे त्यात एका रीलची भर पडली आहे : ‘शरीरातली ऊर्जा अडकली आहे, ती मोकळी करा, केस परत येतील.’ रेकी, प्राणिक हीलिंग यांसारख्या ऊर्जा उपचारांची सत्रं आता ऑनलाइनही मिळतात. पण या दाव्यात तथ्य किती? समजून घेऊ.

चाई म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीय भाषेत चाईला ‘अ‍ॅलोपेशिया एरियाटा’ म्हणतात. हा ऑटोइम्युन, म्हणजे स्वतःच्याच रोगप्रतिकार यंत्रणेनं शरीरावर हल्ला करण्याचा आजार आहे. निरोगी केसाचं मूळ या यंत्रणेच्या नजरेपासून बरंचसं सुरक्षित असतं. चाईत हे संरक्षण ढासळतं. एरवी विषाणूंशी लढणाऱ्या टी-पेशी केसाच्या मुळाभोवती गोळा होतात आणि केस गळून पडतो.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या हल्ल्यात मूळ सहसा नष्ट होत नाही, त्याचं काम फक्त थांबतं. त्यामुळेच केस पुन्हा उगवू शकतात, अनेकदा सुरुवातीला पांढरे.

आयुष्यात कधी ना कधी सुमारे २ टक्के लोकांना हा आजार होतो. बहुतेकांना एक-दोन चट्टेच पडतात. काहींच्या मात्र डोक्यावरचे सगळे केस जातात, तर काहींच्या भुवया, पापण्या आणि अंगावरचे केसही जातात. अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथनं २०१८ मध्ये आपल्याला अ‍ॅलोपेशिया असल्याचं सांगितलं होतं. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात तिच्या केसांवरून विनोद झाला, पती विल स्मिथनं निवेदकाच्या थोबाडीत मारली आणि हा शब्द जगभर पोहोचला.

ही कीड आहे का? दुसऱ्याला लागते का?

दोन्हीचं उत्तर ‘नाही’. कीड केस खाते हा गैरसमज आहे. कंगवा, टॉवेल किंवा उशीतून चाई पसरत नाही. त्यामुळे चाई पडलेल्या मुलाला शाळेत वेगळं बसवायचं काहीच कारण नाही.

पण प्रत्येक टक्कल म्हणजे चाई नव्हे. डोक्यात बुरशीचा संसर्ग झाला तरी चट्टे पडतात आणि तो मात्र पसरतो. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर केस सगळीकडून विरळ होतात, ते वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात अनेक गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचं पथक तपासणीसाठी आलं होतं. कारण वेगळं असेल, तर उपचारही वेगळे असतात. म्हणून आधी निदान हवं.

ऊर्जा उपचारांचा दावा काय आहे?

रेकीची सुरुवात जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास केली. प्राणिक हीलिंग फिलिपिन्समधल्या चोआ कोक सुई यांनी रुजवलं. दोन्हींचा पाया एकच : शरीरात आणि शरीराभोवती जीवनऊर्जा असते आणि तळहातांच्या साहाय्यानं ती दुरुस्त करता येते.

इंजिनीअरिंग शिकताना एक सवय लागते. ऊर्जा म्हटलं की ती मोजायची कशी, हा प्रश्न आधी येतो. अमेरिकेतल्या एमिली रोझा हिनं नऊ वर्षांची असताना शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी नेमकं हेच केलं. ‘थेरप्युटिक टच’ या अशाच उपचाराचे जाणकार पडद्यामागे बसले आणि त्यांनी फक्त दोन हात पडद्यातून पुढे काढले. एमिली नाणं उडवून ठरवायची आणि त्यांच्या एका हाताजवळ आपला हात धरायची. कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते, एवढंच त्यांना सांगायचं होतं. २१ जाणकारांच्या २८० प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता, तरी ५० टक्के आली असती. १९९८ मध्ये हा अभ्यास ‘जामा’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

मग ‘मला फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलतात?

तसं नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. चाईचे एक-दोन चट्टे अनेकांच्या बाबतीत वर्षभरात आपोआप भरतात. या काळात कांद्याचा रस लावला असेल, तर श्रेय कांद्याला मिळतं. रेकी घेतली असेल, तर रेकीला. ज्यांचे केस आले नाहीत, ते व्हिडिओ करत नाहीत.

हा गोंधळ टाळायला औषधांच्या चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देतात. ‘बॅरिसिटिनिब’ या औषधाच्या दोन चाचण्यांत डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून जास्त केस गेलेले सुमारे १२०० रुग्ण होते. डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी झाकला गेला, तर यश मानायचं होतं. ३६ आठवड्यांनी ४ मिलिग्रॅमच्या गोळीनं हे यश ३९ आणि ३६ टक्के रुग्णांना मिळालं. बिनऔषधाच्या गोळीवर ६ आणि ३ टक्क्यांना.

म्हणजे तीव्र चाई असूनही काहींचे केस काहीही औषध न घेता आले. ऊर्जा उपचारांना या आकड्याच्या पुढे जाऊन दाखवावं लागेल. चाईसाठी तसं दाखवणारी भक्कम चाचणी झालेली नाही.

सध्या कोणते उपचार आहेत?

लहान चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ तिथेच स्टेरॉइडची छोटी इंजेक्शनं देतात किंवा लावायचं औषध देतात. तीव्र चाईसाठी जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं बॅरिसिटिनिबला मान्यता दिली. २०२३ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब आलं.

पण ही औषधं जादू नाहीत. ती रोगप्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. आधी क्षयरोगाची तपासणी आणि मध्ये मध्ये रक्ततपासणी लागते. औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. मेडिकलमधून स्वतःच आणून घेण्याचं हे औषध नाही.

म्हणजे रेकी घ्यायचीच नाही का?

चाईच्या रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जास्त आढळतं. लग्नाचं वय, कॉलेज, ऑफिस... टोपी किंवा ओढणीखाली रोज लपवाछपवी चालते. अर्धा तास शांत पडून राहिल्यावर, कुणीतरी आस्थेनं विचारपूस केल्यावर बरं वाटत असेल, तर त्यात गैर काही नाही. मात्र बरं वाटणं आणि केस येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धोका दोन ठिकाणी आहे. ‘औषधं बंद करा’ असं सांगितलं, तर उपचाराचा महत्त्वाचा काळ वाया जातो. आणि ‘तुमच्या नकारात्मक विचारांमुळे झालं’ असं सांगितलं, तर आजारासोबत अपराधीपणाही गळ्यात पडतो. आठवीतल्या मुलीला असं ऐकवणं क्रूर आहे. चाई तिच्या विचारांनी आणलेली नाही.

चट्टा दिसला तर काय कराल?

• त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चट्टे वाढत असतील, भुवया-पापण्या गळत असतील किंवा नखांवर बारीक खड्डे दिसत असतील, तर उशीर करू नका.

• चाईसोबत थायरॉइडचा त्रासही असू शकतो. त्याच्या तपासणीबद्दल विचारा.

• दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा. फरक अंदाजानं नव्हे, फोटोवरून ठरवा.

• शंभर टक्के हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. या आजारात अशी हमी डॉक्टरही देत नाहीत.