वीस किलोंचे नाणे

नाणे म्हटले की मुठीत मावणारी चकती डोळ्यांपुढे येते. परंतु स्वीडनमध्ये राणी क्रिस्तीनाच्या कारकीर्दीत, इ. स. १६४४ साली पाडलेले दहा डालरचे नाणे म्हणजे तांब्याचा सुमारे २० किलो वजनाचा पत्राच होय! चार कोपऱ्यांवर व मध्यभागी त्यावर ठसे असत. त्या देशात चांदी दुर्मीळ, तांबे मात्र विपुल. म्हणून चांदीच्या मोलाचे तांबे नाण्यात घालावे लागे. पुढे अशी बहुतेक नाणी तांब्यासाठी वितळविली गेली. आज ती बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. वाचकभगिनींनी आपल्या देवघरातील जुना पैसा मोडीत घालण्यापूर्वी, अथवा चिंचेने घासून त्यावरील अक्षरे झिजविण्यापूर्वी, क्षणभर थांबून तो जाणत्यास अवश्य दाखवावा.