परसातील जुना आंबा : ओळख आणि पुनरुज्जीवन

पेण व रोहे तालुक्यांतील अनेक जुन्या घरांच्या परसात आंब्याचे एखादे थोराड झाड उभे असते. ते आजोबांनी किंवा पणजोबांनी लावलेले. पण कलम की रायवळ, हे आज घरातील कोणासच सांगता येत नाही. शेंडा कौलांच्या वर गेलेला, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मोहोर आला तर केवळ टोकाला. असे झाड मग ‘वांझ’ ठरते आणि लाकूडवाल्यास विकण्याचा विचार सुरू होतो. हा निर्णय घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळविणे हितावह असते : झाड कोणते आहे, आणि ते पुन्हा फळास येईल काय?

ओळख कशी पटवावी

प्रथम बुंधा पाहावा. जमिनीलगत सांधा, फुगीर भाग किंवा सालीतील फरक दिसल्यास ते कलम असण्याचा संभव मोठा. कलमास फांद्या बहुधा खालूनच फुटतात; रायवळाचे खोड सरळ व उंच जाते. मात्र खूप जुन्या झाडाचा सांधा सालीखाली लपतो, म्हणून खरा निवाडा फळावरच होतो. हापूसचे फळ तिरकस लंबगोल, खांदा भरलेला, चोच जवळजवळ नसलेली. गर केशरी व धागाविरहित. पायरीला स्पष्ट चोच असते, पिकताना खांद्यावर तांबूस छटा येते आणि गर रसाळ असतो.

येथे एक चूक नेहमी होते. दुर्लक्षित कलमात सांध्याखालील खुंटास फूट येते, ती जोमाने वाढते आणि वरच्या कलमास दडपून टाकते. अशा झाडावर एका फांदीस हापूस व दुसरीस आंबट, धागेदार फळ लागते. यास्तव एक हंगाम धीर धरून प्रत्येक मोठ्या फांदीचे फळ वेगळे पाहावे व फांदीवर खूण करावी. खुंटाची फूट मुळापासून काढावी.

झाड रायवळ ठरले तरी ते टाकाऊ नव्हे. कोयीपासून वाढलेले रायवळाचे झाड बहुधा स्वतःच एक निराळा वाण असते. लोणच्याची कैरी, रसाचा गोडवा किंवा उशिरा येणारे फळ असा गुण असल्यास त्याच्या काड्या घेऊन कलमे बांधून ठेवावीत. एकदा झाड तुटले की तो वाण पुन्हा मिळत नाही.

छाटणी

पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, छाटणी करावी. वाळलेल्या, रोगट व आत वाढलेल्या फांद्या प्रथम काढाव्यात. बांडगूळ नुसते ओरबाडू नये. ते जेथे चिकटले असेल त्याच्या खालून फांदी कापावी. नंतर मधली उभी फांदी तिच्या उगमापासून काढावी, म्हणजे आत ऊन पोहोचते. झाडाची उंची वरून सुमारे एक-तृतीयांश कमी करावी. मोठी फांदी कापताना आधी खालच्या बाजूने करवतीची खाच द्यावी, नाहीतर साल फाटत खाली जाते.

प्रत्येक कापावर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी घ्यावे. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. उघड्या पडलेल्या फांद्यांस चुना लावावा, म्हणजे उन्हाने साल भाजत नाही. खोडाच्या छिद्रांतून भुसा पडत असल्यास आत खोडकिडा आहे असे समजावे. तारेच्या आकड्याने अळी बाहेर काढून मारावी व छिद्र चिखलाने बंद करावे.

पुढील जोपासना

कापलेल्या फांदीवर पुष्कळ फुटवे येतात. त्यांपैकी बाहेरच्या दिशेचे तीन-चार जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. रायवळ बदलावयाचे असल्यास याच फुटव्यांवर चांगल्या जातीचे मृदकाष्ठ कलम करता येते. हापूसखेरीज रत्नाही विचारात घ्यावी. नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेली ही जात १९८१ साली प्रसारित झाली असून तिच्या फळात साका होत नाही.

दहा वर्षांवरील झाडास पावसाच्या प्रारंभी ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट व २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश, फांद्यांच्या विस्ताराच्या थोडे आत चर खणून द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्याने पाणी द्यावे. अशक्त किंवा नुकत्याच छाटलेल्या झाडास पॅक्लोब्युट्राझोल देऊ नये. त्यास प्रथम पालवीची गरज असते.

पहिली दोन वर्षे उत्पन्न जवळजवळ मिळत नाही, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास आरंभीच स्पष्ट सांगावी. अन्यथा दुसऱ्याच वर्षी कुऱ्हाड चालते. तसेच आंबा हा १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमातील अनुसूचित वृक्ष असल्याने तो परवानगीवाचून तोडता येत नाही. दोन पावसाळ्यांची वाट पाहणाऱ्या घरास त्याच झाडाखाली, हाताने उतरविता येतील इतक्या उंचीवर, पुन्हा आंबे मिळू शकतात.