जामिनाच्या तारखेला बाप कुठे होता?

मे २०२५. पुण्याजवळच्या भुकूममध्ये एका तरुण सुनेचा मृत्यू झाला आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये चर्चा रंगली ती फॉर्च्युनर नि ५१ तोळ्यांची. शेवटी कुणीतरी विचारलंच, ‘सासरच्यांना बेल मिळेल का रे?’

मिळू शकते. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत अनैसर्गिक मृत्यू, त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ; एवढं शाबीत झालं की छळणाऱ्यालाच कायदा जबाबदार धरतो. हे १९८६पासून आहे, आता न्याय संहितेचं कलम ८०. पण हे गृहीतक खटल्यातलं. जामिनाला मनाई नाही! तिथे कोर्ट बघतं पोस्टमॉर्टेम, जबाब आणि कुणाचा हात किती. मार्च २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सासू-सासऱ्यांचा जामीन रद्द केला, नणंदांचा मात्र कायम ठेवला. मला हे पटतं.

आता शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत अशा मुलीचा बाप असेल तर? सेशन्स कोर्टानंतर जामिनाचा अर्ज जातो औरंगाबाद खंडपीठाकडे, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, जामिनाच्या वेळीही पीडितांना बोलण्याचा हक्क आहे. म्हणजे बाप बोलू शकतो. तारीख कधी आहे, हे त्याला कुणी कळवलं तर.