नॅक्सॉस... पुन्हा एकदा!

परदेश ट्रिपचं आपलं गणित ठरलेलं असतं. वर्षभर पैसे साठवायचे, बॉसच्या मागे लागून दहा दिवसांची रजा पदरात पाडून घ्यायची आणि त्यात चार शहरं उरकायची. एकदा पाहिलेल्या ठिकाणावर फुली! त्यामुळे 'आम्ही पुन्हा नॅक्सॉसला चाललोय' असं सांगितल्यावर ऑफिसमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, 'अगं, पण ते झालंय ना तुझं?'

झालंय की! २०१२ मध्ये, लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत. पण तेव्हा आम्ही दोघंच होतो. गेल्या मे महिन्यात गेलो ते पाच जण. नवरा, मी, सहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांचं एकच पालुपद होतं, 'तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो.' अशा माणसाला अनोळखी जागी नेण्यात धाकधूक असतेच. पण कुठे चढण आहे आणि कुठे सावलीत बसता येतं, हे जिथलं पाठ आहे, तिथे न्यायला काय हरकत आहे? आई-बाबा अजून हिंडू-फिरू शकतायत, तोवर आपल्या आवडीची जागा त्यांना दाखवायची, एवढाच प्लॅन होता.

बोट आणि बाबा
ग्रीसच्या सायक्लेडिस बेटांमधलं नॅक्सॉस हे सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर. पोस्टरवरच्या सँटोरिनीसारखा झगमगाट इथे नाही. इथे शेती आहे, गुरं आहेत, चीज आहे आणि ग्रीसभर नावाजलेले बटाटे आहेत.

अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून मोठ्या बोटीनं इथे यायला साधारण साडेपाच तास लागतात. आम्ही आत एसीत बसलो आणि बाबा मात्र डेकवर. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीनं जायचे, ते सगळं त्यांना आठवायला लागलं. नातीला आख्खी कोकण बोट ऐकवून झाली, तेव्हा कुठे नॅक्सॉस दिसलं!

घराविना दार
बंदरात शिरताना पहिल्यांदा दिसतो तो पोर्तारा. संगमरवराचा, सहा मीटर उंच, एकटाच उभा असलेला दरवाजा. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास इथे मोठं देऊळ बांधायला घेतलं, ते कधी पूर्णच झालं नाही. पुढे त्याचे दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांना नेले. दार तेवढं राहिलं. लेकीनं विचारलं, 'आजोबा, दार आहे, मग घर कुठेय?' बाबा म्हणाले, 'घर राहिलंच बांधायचं.' संध्याकाळी तिथे सूर्यास्त बघायला गर्दी होते. गावातून चालत दहाएक मिनिटं, शेवटी थोडीशी चढण. बाबा दोनदा थांबले, पण पोचले.

आईचं मेन्यूकार्ड
आई पक्की शाकाहारी. म्हणून बॅगेत मेतकूट, थालिपीठाची भाजणी, सगळं भरलं होतं. पण ग्रीक लोकही उपवासाच्या दिवसांत मांस खात नाहीत, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ त्यांच्या घराघरांत असतात. फावा आला, तेव्हा आई म्हणाली, 'हे तर घट्ट वरण! फोडणी तेवढी राहिलीय.' होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. टोमॅटोत भाजलेले मोठ्ठे वाल तर तिनं दोनदा मागवले. भाजणीचं पाकीट न उघडता परत आलं!

हाल्की गावात १८९६ पासूनची डिस्टिलरी आहे. तिथे कीत्रो नावाचं मद्य बनतं, एका फळझाडाच्या पानांपासून. फळाचं चित्र बघताच बाबा म्हणाले, 'अरे, हे तर म्हाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते.' आईनं त्याच फळाच्या सालीचा मुरंबा चाखला आणि पाककृतीची चौकशी सुरू केली. आम्ही दोघांनी अर्थातच कीत्रो चाखलं.

झास ते गुडघाभर पाणी
२०१२ मध्ये आम्ही स्कूटर भाड्यानं घेऊन बेट पालथं घातलं होतं. झास हा हजार मीटरहून थोडा उंच डोंगरही चढलो होतो. या वेळी कार घेतली, रोज एकच ठिकाण. दुपारी जेवणानंतर अख्खं बेट सामसूम, दुकानं बंद. 'काय शहाणी माणसं आहेत!' असं म्हणत बाबा वामकुक्षीला मोकळे.

मुक्काम गावाला लागूनच असलेल्या आयिओस योर्गिओस बीचजवळ. पाणी इतकं उथळ की लहान मुलंही लांबवर चालत जातात. दोन दिवस बाबा खुर्चीत बसून पेपरमधलं जुनं शब्दकोडं सोडवत होते. तिसऱ्या दिवशी लेकीनं हात धरून ओढलं. पँट दुमडली आणि गेले! गुडघाभर पाण्यात नात आणि आजोबा अर्धा तास उभे होते. पाणी मे महिन्यात चांगलंच गार असतं, पण बाहेर यायला दोघंही तयार नव्हते. झासच्या माथ्यावरून दिसलेलं बेट मला अजून आठवतं, पण आता नॅक्सॉस म्हटलं की आधी हेच डोळ्यांसमोर येतं.

परतीच्या बोटीत बाबांनी सहज विचारलं, 'पुढच्या वेळी तो डोंगर तुम्ही दोघं करून या. आम्ही हिला घेऊन खाली थांबू. चालेल?'

चालेल काय, बाबा... पळेल!

जायचंय? हे लक्षात ठेवा
व्हिसा : शेंगेन. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.
कधी : मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो, गर्दीही.
फिरायला : होरा या मुख्य गावातून बीचवर आणि डोंगरातल्या गावांत बस जातात. कार घ्यायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या.
ज्येष्ठांसाठी : मुक्काम गावाजवळच, तळमजल्यावर. गल्ल्यांत पायऱ्या बऱ्याच आहेत.