फिरंग : परदेशी पाते, मराठी मूठ

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच्या सुमारास रायगडाकडे लोटणारी गर्दी महाडावरून जाऊ लागली, म्हणजे वाटेवरच्या दुकानांतून ज्या तलवारी टांगलेल्या दिसतात, त्या हौसेपुरत्या गोजिरवाण्या असल्या तरी त्यांचे पाते बहुधा पातळ पत्र्याचे, मुलामा डोळे दिपविणारा आणि वाक हटकून चंद्रकोरीचा असतो. मराठ्यांच्या कमरेला दुसऱ्या जातीची तलवार कधी लटकलीच नसावी, असा समज त्या पाहून व्हावा. वस्तुतः पोलादपुराजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे ज्या शतकात लढले, त्या सतराव्या शतकातील सरदारांच्या सिलेखान्यांत लांब, सरळ, बहुधा एकाच अंगाला धार असलेली, पाते युरोपातून आलेले आणि मूठ मात्र येथील कारागिराने चढविलेली अशी एक तलवार मोठ्या मानाने नांदत होती. तिचे नाव फिरंग.

महाडच्या एका स्नेह्यांनी अशी एक फिरंग मुद्दाम मापे देऊन घडवून घेतली आहे. पात्याचा नमुना जर्मनीतील झोलिंगेन गावच्या जुन्या पात्यांचा. पोलाद मात्र मालमोटारीच्या कमानपाट्याचे. पाठीला जाड, धारेकडे निमुळते होत गेलेले, आणि अंगावरून दोन अरुंद पन्हळी ओढलेले ते पाते मुठीपाशी भरदार असून टोकाकडे इतके पातळ होत जाते, की किलोभराच्या आगेमागे असलेले तिचे वजन हातात घेतल्यावर त्याहून पुष्कळच कमी भासते. धार अर्थातच मुद्दाम बोथट ठेवली आहे. तलवार ही 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येणारी वस्तू आहे, आणि प्रतिकृतीच्या हौसेपायी फौजदारी ओढवून घेण्यात काही शौर्य नाही.

मुठीपासून वीतभर अंतरावर पितळी तारेने ठसविलेला एक धावता लांडगा आहे. चार-दोन रेषांचा हा प्राणी पाहणाऱ्याला सांगावा लागतो, पण त्याचा इतिहास रंजक आहे. मुळात ही खूण डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावच्या तलवारकारांची. तिचा लौकिक असा वाढला, की वुप्पर नदीकाठच्या झोलिंगेनकरांनीही ती आपल्या पात्यांवर बेधडक उमटविली. आणि तेवढ्यावर न थांबता, गिऱ्हाईक ज्या नावाला भुलेल ते, कधी इटालीच्या आंद्रेआ फेरारा या कारागिराचे तर कधी स्पेनमधील तोलेदोच्या उस्तादांचे नावही कोरून दिले. आमच्याकडे याहून निराळे घडले नाही. जिनोव्हाच्या पात्यांवरची दातेरी कोयत्यांची जोडी हिंदुस्थानी लोहारांनीही आपल्या पात्यांवर ठोकली. तेव्हा आजचा कारागीर नक्कल करतो म्हणून कोणी नाक मुरडू लागला, तर ज्याची नक्कल होते आहे तो मूळ ऐवजही उसन्या नावावर खपत असे, हे त्यास सांगावे.

फिरंगेच्या पात्यासारख्या एकधारी शस्त्राचा जर्मनांचा लोभ या नकलांहूनही जुना. पंधराव्या शतकात तेथे मोठ्या सुरीच्या घडणीचे, दोन लाकडी फळ्या रिव्हेटांनी जोडून मूठ केलेले आणि बोटे वाचविण्यासाठी बाजूस एक खिळा काढलेले ‘मेसर’ नावाचे शस्त्र सर्रास वापरात होते. त्याच्या डावपेचांवर योहानेस लेक्युश्नर या धर्मोपदेशकाने 1482 मध्ये सचित्र ग्रंथ सिद्ध केला. धर्मोपदेशकाने तलवारबाजीचे शास्त्र लिहावे याचे आपल्याला नवल वाटायला नको, कारण शस्त्र आणि शास्त्र एकाच घरात नांदल्याची उदाहरणे आपल्या बखरींतही थोडी नाहीत.

युरोपातील अशी पाती पोर्तुगीज, वलंदेज आणि इंग्रज यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली. घाटावरच्या माणसाचा हात निराळा, लढण्याची तऱ्हा निराळी. म्हणून परदेशी पात्याला येथील मूठ चढली. रुंद परज, वाटीसारखे तळाचे बूड आणि त्याखाली प्रसंगी दुसऱ्या हाताची पकड बसावी म्हणून काढलेला लांब खिळा, ही त्या मुठीची ओळख. पाते पक्के राहावे म्हणून त्याच्या दोन्ही अंगांस पोलादी पट्ट्या लावून रिव्हेट मारीत आणि सांध्यात लाख ओतीत. स्नेह्यांच्या प्रतिकृतीत हा सांधा फार सुबक उतरला आहे. बाजारी तलवारीत नेमका तोच वेल्डिंगच्या एका ठिपक्यावर उभा असतो.

याच कुळातील एक अस्सल तलवार नुकतीच मायदेशी परतली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, सेनासाहेब सुभा पहिले रघूजी भोसले (1695–1755) यांची ही फिरंग लंडनच्या लिलावात निघाली असता महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये सुमारे 47 लाख रुपयांस ती मिळविली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात ती मुंबईस आली. पाते युरोपीय, सरळ आणि एकधारी. मूठ सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर सोनेरी देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व हुद्दा. परदेशी लोहाराने जी पाठ केवळ बळकटीसाठी जाड ठेवली, तीवर मराठी सरदाराने आपली मालकी लिहून घेतली, हे मला त्या साऱ्या सोन्याहून अधिक मोलाचे वाटते. याउलट कोल्हापूरच्या गादीकडून 1875–76 च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजास नजर झालेली युरोपीय पात्याचीच ‘जगदंबा’ तलवार अद्याप इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे.

प्रतिकृती पाहताना कारागिराची खरी अडचण लक्षात येते. छायाचित्रावरून लांबी-रुंदी काढता येते, परंतु पाठीची जाडी मुठीपाशी किती, मध्यावर किती आणि टोकाशी किती, तोल कोणत्या बोटावर, हे छायाचित्र सांगत नाही. आणि तलवारीचा जीव तर त्यातच असतो. स्नेह्यांच्या कारागिरास हे सारे अदमासाने, पाते पुनःपुन्हा घासून आणि हातात तोलून साधावे लागले. म्हणून आपल्या वस्तुसंग्रहालयांना विनंती इतकीच, की रघूजींच्या फिरंगेसह आपल्या ताब्यातील प्रत्येक अस्सल पात्याचे वजन, जाडी आणि तोल मोजून ती कोष्टके मराठीत छापून प्रसिद्ध करावीत, आणि ती माफक किमतीत कोणाही लोहाराच्या हाती पडतील अशी तजवीज ठेवावी.